तीन चाळीसचा कॉल

२ सप्टेंबर

बोलता बोलता फोन तुटला, तर तोंडातून निघालेलं पण पलीकडे न पोहोचलेलं वाक्य कुठे जातं? आत्याने आज जेवताना विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. "घ्या! चार वर्षं शिकून हेच," असं म्हणत तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे वॉशिंग मशीन का थरथरतं इथपासून देव आहे का इथपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात.

प्रश्न माझ्या कामावरूनच निघाला होता. आमच्याकडे शहरातल्या ॲम्ब्युलन्सचे फोन येतात. खालच्या मजल्यावर सोळा ऑपरेटर, वरच्या मजल्यावर आम्ही सॉफ्टवेअरवाले. फोन आधी एका मशीनमध्ये येतो आणि मशीन तो मोकळ्या ऑपरेटरला देतं. हे मशीन म्हणजे हाताला लागेल असं यंत्र नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात राहणारं, स्वतःला खरं समजणारं आभासी मशीन. बाहेर काय आहे ते त्याला दिसत नाही.

ते कधीकधी कोसळतं. त्याला चार प्रोसेसर आहेत. एक कोसळला की तो बाकीच्या तिघांना एक इंटरप्ट, म्हणजे हातचं काम तोडायला लावणारा इशारा, पाठवतो. लहानपणी आम्ही 'स्टॅच्यू' खेळायचो, तसंच. असशील तिथे थांब, हातातलं खाली ठेवू नकोस. मग मशीनच्या सगळ्या स्मृतीची एक प्रत निघते, तिला डम्प म्हणतात, आणि चाळीस सेकंदांत मशीन नव्याने उठतं. तो 'स्टॅच्यू' कानावर पडल्यावर कर्नलने, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामने, नेमकं काय करायचं, ते लिहायचं काम आमच्या विभागाच्या सरांनी माझ्याकडे दिलंय. ऑक्टोबरअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरेल. मला हे काम फार मोठं वाटतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू बिघाड झाल्यावरची माणूस. आमच्या गॅरेजवाल्यासारखी."

९ सप्टेंबर

बाबांची शाळेची बस आज चौकात बंद पडली. मागे गाड्यांची रांग. एक गाडीवाला ओरडला, "अहो, बॉनेट उघडा की!" बाबांनी आधी बावीसच्या बावीस मुलं फुटपाथवर नेली, मोजली, पुन्हा मोजली, आणि मग बॉनेटला हात लावला. "बस बंद पडली की आधी मुलं उतरवायची," ते म्हणाले. "इंजिन कुठे पळून जातंय?"

गॅरेजवाल्याने तारा इकडच्या तिकडे केल्या, बस सुरू झाली, पण मागे घेतानाचा बीपर बिघडला. पी, पी, मग एक गाळून, पी. मुलं त्या तालावर नाचली म्हणे. आत्याने लगेच स्वयंपाकघरात नाचून दाखवलं.

१२ सप्टेंबर

सरांनी महिन्याचा रिपोर्ट दाखवला. 'गमावलेले कॉल: शून्य.' ऊर भरून आला. कुठे काम करतो आपण!

सर डम्प स्वतः पुसतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी म्हटलं, मी करत जाईन, तुम्हाला कशाला त्रास? तर म्हणाले, "त्यात लोकांचे शब्द असतात. गेलेल्या माणसाचे खिसे चाचपू नयेत." किती जपतात ते लोकांना.

१७ सप्टेंबर

आज माझ्या हातून भयंकर चूक झाली.

क्रॅशच्या कोडमध्ये मी एक साधी ओळ घातली होती: 'थांबलो' असं नोंदवहीत छापायचं. छापायला कुलूप लागतं, म्हणजे एका वेळी एकानेच लिहावं म्हणून ठेवलेली किल्ली. दुपारी मशीन कोसळलं तेव्हा ती किल्ली ज्याच्या हातात होती तोच स्टॅच्यू होऊन उभा. बाकीचे किल्लीसाठी थांबले. कुणी कुणाला सोडवू शकेना. चाळीस सेकंदांऐवजी अकरा मिनिटं मशीन ना जिवंत ना मेलेलं.

तेवढ्यात खालच्या ऑपरेटर मावशी जिना चढून वर आल्या. त्या सगळ्यांत जुन्या, सर्वांच्याच मावशी. दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "अगं, खाली एकही फोन वाजत नाहीये. एवढ्या वर्षांत मी अशी शांतता ऐकली नव्हती."

मी खाली गेले. सोळा जणी कानाला हेडफोन लावून बसलेल्या, सगळ्यांची बोटं बटणांवर, कुणी बोलत नव्हतं. त्यांनाही कुणीतरी स्टॅच्यू म्हटल्यासारखं.

शेवटी बाहेरच्या मोठ्या यंत्राकडून एक इंटरप्ट सोडावा लागला. हा इंटरप्ट नाकारता येत नाही, झोपेचं सोंग घेतलेल्यालाही उठावंच लागतं. डम्प बाहेरच्या यंत्रातच साठला आणि मशीन उठलं.

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कोसळताना कुणाकडे काही मागायचं नसतं. ज्याच्याकडे किल्ली आहे तो थांबलेला असतो." हे पहिल्या धड्यातलं आहे. मला येत होतं. तरीही.

१८ सप्टेंबर

ती ओळ काढली. चूक नक्की कुठे झाली ते बघायला बाहेर साठलेला डम्प उघडला. सर पुसतात ते आतले डम्प, हा त्यांच्या यादीत नव्हता.

थांबलेल्या प्रत्येक प्रोसेसरच्या हातात काय होतं ते त्यात दिसतं. पहिल्या दोघांच्या हातात एकेक कॉल, नंबरासकट. तिसऱ्याच्या हातातही कॉल होता, पण नंबराची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर पाय पडूनच चौथा कोसळला होता, जिन्याची पायरी नसावी तसा.

कॉलचा शेवटचा चार सेकंदांचा आवाज स्मृतीत राहतो. ऐकावा की नाही, अर्धा तास ठरेना. मग ऐकला.

म्हाताऱ्या बाईचा आवाज, अगदी शांत. "दार उघडंच आहे."

एवढंच. मागे काहीतरी वाजतंय, घड्याळ असावं.

खाली जाऊन नोंदी पाहिल्या. असा कॉल नाही. बाकीचे दोनही नाहीत. ऑपरेटरने उचलला तरच कॉल नोंदला जातो, आणि नोंदलाच गेला नाही तर तो गमावलाही जात नाही. म्हणून रिपोर्टात शून्य! ही केवढी मोठी फट आहे, आणि सरांच्या लक्षातच आली नसेल. उद्या सांगितल्यावर किती बरं वाटेल त्यांना.

आणखी एक. यापूर्वीचे क्रॅश पाहिले. कालचा धरून अकरा. पहिला २९ जुलैला. सगळे दुपारी तीन चाळीसच्या आसपास.

१९ सप्टेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाला दाखवलंस हे?"

"नाही, सर. आधी तुम्हालाच."

"छान केलंस. हुशार आहेस तू. कायम होईपर्यंत आपलं काम बरं, आपण बरं. काय?"

काळजीने बोलले, पण काळजी कशाची ते कळलं नाही. फट बुजवू असं काही म्हणाले नाहीत. कामात असतील. माझी दुरुस्ती नीट चालतेय का ते पडताळायचं आहे, म्हणून डम्पची एक प्रत बाहेर साठत राहील असं मी तूर्त तसंच ठेवलंय.

२२ सप्टेंबर

क्रॅश, तीन एकेचाळीस. दुरुस्ती चालली, अडतीस सेकंदांत मशीन उठलं. आनंद व्हायला हवा होता.

पहिल्या प्रोसेसरच्या हातात एक पुरुष होता. "ती श्वास घेत नाहीये, ती श्वास..." तिथे थांबला. नंबर होता, मी लिहून घेतला. नोंदींमध्ये शोधलं. त्याने पुन्हा फोन केलेला नाही.

तिसऱ्याच्या हातात परत रिकामा नंबर. "अजून उघडंच आहे. जिना चढून या."

२५ सप्टेंबर

तीन चाळीस. रिकामा नंबर.

"तू ऐकतेस ना?"

मी हेडफोन काढून मागे पाहिलं. मागे फक्त कपाट होतं आणि त्यावर कुणाची तरी वाळलेली कुंडी.

जेवणाच्या सुट्टीत मावशींना एकट्यांना गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळ्या बायकाच बसतो इथे. आमच्यापैकी कुणाला तरी म्हणत असेल ती."

"पण मावशी, कॉल तुमच्यापर्यंत आलाच नव्हता."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. अजून अर्धा डबा शिल्लक होता.

२८ सप्टेंबर, रविवार

नियम मोडला. तीनही तुकडे माझ्या फोनवर घेऊन घरी आले. बाल्कनीत एकटीच ऐकत होते, तर आत्या मागे उभी. "ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? कोण आहे तो?"

"तो नाही, ती आहे. आजारी बाई आहे कुणीतरी."

आत्याचा विश्वास बसेना, म्हणून मोठ्याने लावलं. खोलीत बाबा बूट पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"परत लाव."

लावलं.

"बाईचं नको, मागचं ऐक. पी, पी," त्यांनी बोट उचलून धरलं, "पी. ही माझी बस आहे."

घड्याळ नव्हतं ते. मला रोजची सवय असून ओळखू आलं नाही, कारण मी शब्दच ऐकत होते. शेवटच्या मुलीला सोडतात ती गल्ली पुढे बंद आहे, बाबा म्हणाले. तिथे बस मागे घ्यावीच लागते. वेळ? "तीन चाळीस. फार तर एक मिनिट इकडे तिकडे."

आत्या म्हणाली, "घ्या, म्हणजे आता दादाची बससुद्धा हिच्या ऑफिसात जायला लागली." कुणी हसलं नाही. तीही नाही.

२९ सप्टेंबर

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बाबांच्या बसमध्ये बसले. शेवटची मुलगी उतरली, बाबांनी बस मागे घेतली, बीपर वाजला, आणि मी वर पाहिलं. कोपऱ्यावरच्या घराच्या बाहेरूनच एक अरुंद जिना वर जात होता. वरचं दार उघडं होतं.

जिना चढले. बाबा खालून म्हणाले, "हाक मार आधी." मी मारली. उत्तर नाही.

एकच खोली. गादी गुंडाळून ठेवलेली, लोखंडी पलंग उघडा. खिडकीत रिकामा ग्लास. सगळ्यावर धूळ, बोट फिरवलं तर रेघ उमटेल अशी. पलंगाजवळ स्टुलावर जुना फोन. फोनची तार भिंतीपर्यंत जात नव्हती. कापलेलं टोक स्टुलाच्या पायाशी लोंबत होतं. आणि सगळ्या खोलीत फक्त रिसीव्हरवर धूळ नव्हती.

"कोण पाहिजे?" खालच्या शिंपीणबाई वर आल्या होत्या, गळ्यात टेप.

"इथल्या आजी..."

"तुम्ही नात्यातल्या का?"

"नाही. मी ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसातून आलेय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ती विसरणार नाही. "आत्ता आलात होय?"

मग एकेक सांगितलं. आजी अंथरुणाला खिळलेल्या. त्या दुपारी छातीत दुखायला लागलं. शिंपीणबाई कापड आणायला बाजारात होत्या. आजींनी फोन लावला. तुटला. पुन्हा लावला. पाच वाजता शिंपीणबाई परतल्या तेव्हा थोडीशी धुगधुगी होती. "म्हणाल्या, मी त्यांना सांगितलंय दार उघडं आहे म्हणून. येतील. हेच शेवटचं बोलल्या."

"कधीची गोष्ट?"

"जुलैच्या एकोणतीसची. ऑगस्टमध्ये माणसं येऊन फोनची तारही काढून गेली." मग जरा खाली आवाजात, "दार मात्र बंद राहत नाही बघा. मी रोज सकाळी कडी घालते."

त्यांनी माझ्यासमोर कडी घातली. आम्ही उतरलो.

येताना मनाशी जुळवलं. क्रॅशच्या वेळी वापरायला स्मृतीचा एक कोपरा राखून ठेवलेला असतो. मशीन पुन्हा उठताना बाकी सगळं पुसतं, तो कोपरा पुसत नाही. जुलैचा तो कॉल तिथे पडून राहिला असणार, आणि दर क्रॅशला त्याचा वेगळा तुकडा वर येत असणार. रिकामा नंबरही त्या जुन्या तुकड्याचाच. याने सगळं सुटतं. बाबांना समजावून सांगितलं. ते हं हं करत राहिले.

घरी आल्यावर या वहीची मागची पानं उलटली. बीपर बिघडला तो ९ सप्टेंबरला. जुलैच्या कॉलमागे तो ताल असूच शकत नाही.

वही मिटून ठेवली होती. आता परत उघडली, एवढंच लिहायला.

३० सप्टेंबर

आजींचं कोडं माझ्याच्याने सुटणार नाही. पण पहिल्या प्रोसेसरच्या हातातला तो माणूस कोडं नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळी लावला. एका मुलीने उचलला. मी विचारलं, घरी सगळे ठीक आहेत ना? ती म्हणाली, "आई गेली ना आमची. तुम्ही कोण?" मी फोन ठेवला. मी फोन ठेवला, हे मी लिहून ठेवते.

दिवसभर बसून कोड नव्याने लिहिला. आतापर्यंत 'स्टॅच्यू' झाल्यावर आम्ही काय करायचो? आधी डम्प. म्हणजे आधी बॉनेट. मशीन मेलं तरी फोनची लाईन बाहेरच्या एक्स्चेंजच्या हातात असते, अर्धं मिनिट ती जिवंत राहते. तेवढ्यात फक्त सांगायचं असतं की या लाईनी दुसरीकडे द्या. आता क्रॅशचा इंटरप्ट आला की पहिलं काम ते. प्रत्येक प्रोसेसर आपल्या हातातली लाईन बाहेरच्या यंत्राच्या खिडकीत ठेवतो, कुठलीही किल्ली न मागता. तिथून त्या मावशींच्या टेबलावरच्या जुन्या काळ्या फोनला जातात; तो मशीनवर चालत नाही आणि दर लाईनला त्यावर एक दिवा आहे. त्यानंतर डम्प. चाचणीत तीसदा पाडलं, तीसदा पोहोचल्या.

सरांनी कोड शांतपणे वाचला. "चांगला आहे," म्हणाले. खरंच तसं वाटलं असावं त्यांना, कारण एक जागा त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "काळ्या फोनवर आलेला कॉल नोंदला जातो. मग लोक विचारतील, याआधी क्रॅश झाले तेव्हाच्यांचं काय झालं? तेरा क्रॅश. दर वेळी दोन-तीन माणसं. उत्तर तू देणार आहेस?"

तेरा. अकरानंतरचे दोन मी त्यांना सांगितलेच नव्हते.

"तुम्हाला माहीत होतं, सर?"

"घरातली पहिलीच शिकलेली ना तू? तुझ्या कायम होण्याच्या कागदावर माझी सही लागते. उद्या बोलू." दाराशी थांबून म्हणाले, "आणि ते बाहेर साठलेलं आज पुसून टाक."

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, नोकरी सांभाळ म्हणतील. त्यांनी विचारलं, "मुलं किती होती आत?"

"पस्तीस-एक."

ते उठून बाल्कनीत गेले. आत्या भांडी आपटत म्हणाली, "काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्या पदवीआधीही आपण जेवतच होतो."

१ ऑक्टोबर

कोड सकाळी साडेनऊला चढवला. हरवलेल्या कॉलची यादीही केली. सरांना दोन्ही कळवलं, विचारलं नाही. दुपारी मावशींच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसले. त्यांनी काळा फोन पुसून ठेवला होता.

तीन चाळीस. खालचे सगळे फोन एकदम गप्प झाले. मावशींनी माझा हात धरला. तीन सेकंद. मग काळा फोन वाजला.

पहिली लाईन मावशींनी घेतली. एका माणसाचा भाऊ शिडीवरून पडला होता. "घाबरू नका, पत्ता सांगा," मावशी म्हणाल्या, आणि मला तिथेच रडू आलं. गाडी नऊ मिनिटांत पोहोचली. दुसरी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एक्स्टेंशनवर घेतली.

तिसरा दिवा लुकलुकत राहिला. नंबराची जागा रिकामी. मावशींनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या.

मी उचलला.

आधी बीपर ऐकू आला. पी, पी, एक गाळून, पी. मग कुणीतरी श्वास घेतल्यासारखं.

मी म्हटलं, "ऐकतेय, आजी. दार उघडं आहे, माहीत आहे मला. मी येऊन गेले."

बस लांब गेल्याचा आवाज. मग, लांबच, दार लोटल्याचा आवाज आला. त्यामागून कडीचा.

दिवा विझला. मावशींनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही." ते खोटं नव्हतं.

आता पावणेपाच वाजलेत. जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय. सरांचा निरोप आलाय: ती यादी पाठवण्याचा विचार असेल तर आधी मला येऊन भेट, शांतपणे ठरवू. यादीत आहेत तेरा क्रॅशच्या तारखा आणि वेळा, तीन डम्पमधली सगळी माणसं, रिकाम्या नंबरासमोर 'कोपऱ्यावरचं घर, वरचा मजला', आणि कॉल हरवतायत ते मी १८ सप्टेंबरपासून जाणून होते, हेही. ॲम्ब्युलन्स सेवेच्या मोठ्या डॉक्टरांना ती यादी मी दुपारी तीन वाजताच पाठवली आहे.